मानसशास्त्रज्ञालाच एडीएचडी आणि ऑटिझम असेल तर?

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

मी २७ वर्षांची असून समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. केल्यानंतर पुण्यातील एका खासगी केंद्रात समुपदेशक म्हणून काम करते. काही महिन्यांपूर्वी एका मनोविकारतज्ज्ञांनी मला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि उतावळेपणा आवरणे अवघड करणारी मेंदूची ठेवण, असल्याचे सांगितले आणि पुढच्या तपासणीत ऑटिझमचेही, म्हणजे संवाद आणि संवेदना वेगळ्या रीतीने अनुभवणाऱ्या ठेवणीचेही, निदान झाले. निदानाने मला हायसे वाटले, पण कामावर मात्र सगळे अवघड होऊन बसले आहे. केंद्रातल्या वरिष्ठांना विश्वासाने सांगितले, तर त्या म्हणाल्या, "आधी स्वतःला सावर, मग दुसऱ्यांना सावरायला ये." त्यांचे बोलणे अगदीच खोटे आहे असेही मला म्हणवत नाही. माझ्या केस नोट्स नेहमी मागे पडलेल्या असतात, एकदा मी एका क्लायंटची वेळ साफ विसरले, आणि गेल्या महिन्यात एडीएचडी असलेल्या चौदा वर्षांच्या एका मुलाला मी सेशनमध्ये "अरे, मलाही अगदी हेच आहे" असे सांगून टाकले. तो खूश झाला, पण त्याच्या आईने केंद्रात विचारले, "मॅडमच पेशंट असतील तर आमच्या मुलाचे काय?" मला चिकित्सा मानसशास्त्रात (क्लिनिकल सायकॉलॉजीत) पुढचे शिक्षण घ्यायचे होते, ते आता घ्यावे का? क्लायंटना सांगावे की लपवावे? घरी आई म्हणते, लग्न ठरेपर्यंत हे कुठे बोलू नकोस. मी या व्यवसायात राहावे की नाही, एवढे एकदा स्पष्ट सांगा.

— एक वाचक, पुणे

उत्तर

नमस्कार,

स्पष्ट सांगा म्हणालात म्हणून आधी तेच सांगते: या व्यवसायात राहा. मात्र आज ज्या पद्धतीने काम करत आहात, त्या पद्धतीने पुढे करू नका. तुमच्या पत्रातल्या तिन्ही तक्रारी, म्हणजे मागे पडलेल्या नोट्स, विसरलेली वेळ आणि त्या मुलाजवळ तोंडून निघून गेलेले वाक्य, या तुमच्या पात्रतेविषयी फारसे काही सांगत नाहीत. तुमचे काम कसे बांधलेले आहे, याविषयी मात्र पुष्कळ सांगतात. निदानामुळे कोणी मानसशास्त्रज्ञ होण्यास अपात्र ठरत नाही, तसे ते निदान आहे म्हणून कोणी अधिक चांगला मानसशास्त्रज्ञही ठरत नाही. आपल्या मेंदूच्या ठेवणीची किंमत क्लायंटला मोजावी लागते आहे का, एवढाच प्रश्न व्यावसायिकदृष्ट्या विचारण्यासारखा आहे आणि त्याचे उत्तर रोजच्या कामात शोधावे लागते.

मी स्वतः याच वाटेने आलेली आहे, आणि माझे निदान तर चाळिशीत झाले. मी एम.ए. करत होते तेव्हा डीएसएम या निदान-पुस्तिकेची १९९४ साली आलेली चौथी आवृत्ती प्रमाण मानली जात असे. तिच्या निकषांप्रमाणे ऑटिझमच्या गटातले निदान असलेल्या व्यक्तीला एडीएचडीचे निदान सोबत देता येत नसे, आणि एडीएचडीची काही लक्षणे सात वर्षे वयाच्या आत दिसलेली असणे आवश्यक होते. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ती आडकाठी काढली, वयाची अट बारा वर्षांपर्यंत वाढवली आणि प्रौढांसाठी प्रत्येक गटातल्या सहाऐवजी पाच लक्षणांची मर्यादा ठेवली. म्हणजे आमच्या पिढीला ज्या शिक्षकांनी शिकवले, त्यांनी "हे दोन्ही एकत्र नसते" असे प्रामाणिकपणे, पुस्तकाप्रमाणेच शिकवले होते, आणि त्या वर्गात बसलेल्या ज्या विद्यार्थ्यांमध्ये हे दोन्ही एकत्र होते, त्यांनीही ते वहीत उतरवून घेतले होते. मुलींच्या बाबतीत तर आणखी एक पडदा होता. वर्गभर धावणारा मुलगा शिक्षकांच्या लगेच नजरेत येत असे. खिडकीशी बसून तंद्रीत जाणारी मुलगी "वेंधळी", "धांदरट" किंवा फार तर "हुशार आहे, पण लक्ष नाही" एवढ्यावर सुटत असे. तुमच्या प्रगतिपुस्तकांवर असेच काही शेरे असतील, असा माझा अंदाज आहे. ती पुस्तके जपून ठेवा, त्यांचे काम पुढे सांगते.

प्रशिक्षणातली एक गोष्ट तुम्हालाही ओळखीची वाटेल. मनःस्थितीच्या तपासणीचा जो छापील नमुना आपण भरतो, त्यात नजरभेट राखली की नाही आणि संवादाचा सूर जुळला की नाही, अशा दोन नोंदी अगदी सुरुवातीलाच असतात. ज्या विद्यार्थिनीला समोरच्याच्या डोळ्यांत पाहत असताना त्याचे शब्दच नीट ऐकू येत नाहीत, तिने टेबलाच्या अलीकडे बसून पलीकडच्या माणसाच्या नजरभेटीवर खूण करायची, हा प्रसंग मला तेव्हाही चमत्कारिक वाटत असे. तोंडी परीक्षेत मला "परीक्षकांकडे पाहून बोला" असे सांगितले गेले. त्यानंतर मी समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधोमध पाहायला शिकले आणि पुढची अनेक वर्षे सगळ्यांना ती नजरभेटच वाटली. त्या नमुन्यातली ती नोंद निरर्थक आहे, असे माझे म्हणणे नाही. नैराश्यात खाली गेलेली नजर आणि ऑटिझममुळे बाजूला वळलेली नजर यांत फरक करता आला पाहिजे, आणि तो फरक करण्याचे शिक्षण मात्र मला कोणत्याही नमुन्यातून मिळाले नाही.

आपल्या आधी या वाटेने गेलेल्यांपैकी वेन लॉसन यांचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे ऑस्ट्रेलियात काम केलेल्या या मानसशास्त्रज्ञांना बालपणी मतिमंद ठरवले गेले होते, सतराव्या वर्षी स्किझोफ्रेनियाचे निदान दिले गेले आणि तो शिक्का पंचवीसेक वर्षे कायम राहिला. ऑटिझमचे निदान १९९४ साली, वयाच्या चाळिशीनंतर झाले. त्यानंतर त्यांनी मानसशास्त्रात पीएच.डी. केली, आणि २००५ साली डायना मरे आणि माइक लेसर यांच्यासोबत ऑटिझमविषयीची एक मांडणी प्रसिद्ध केली, जी आज या क्षेत्रात बरीच चर्चिली जाते: ऑटिस्टिक व्यक्तीचे लक्ष एका वेळी थोड्याच विषयांवर, पण फार खोलवर एकवटलेले असते, आणि तिथून ते अचानक काढून घ्यावे लागले की त्रास होतो. मला या उदाहरणात लॉसन यांच्या सोसण्यापेक्षा त्यांची पद्धत मोलाची वाटते. त्यांनी स्वतःचा अनुभव घेतला, तो इतरांच्या अनुभवांशी ताडून पाहिला, त्याला सिद्धांताचे रूप दिले आणि मग तो इतर संशोधकांना तपासता येईल अशा जागी ठेवला. तुम्ही त्या मुलाला जे सांगितले त्यात पहिली पायरी होती, पुढच्या सगळ्या राहून गेल्या होत्या.

ज्याचे जळते त्याला कळते असे आपण म्हणतो, आणि ते खरे आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक समोर असूनही पहिली ओळ न वाचता येणे म्हणजे काय, हे तुम्हाला त्या मुलाला विचारावे लागत नाही. "मनावर घेतले तर जमेल" हे वाक्य त्याने किती वेळा ऐकले असेल, तेही तुम्हाला माहीत आहे. ही समज मौल्यवान आहे आणि तिच्यामागे संशोधनाचाही थोडा आधार आहे. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडले की ऑटिस्टिक आणि इतर व्यक्तींमधला संवाद तुटतो तेव्हा न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंना असते. ती एकट्या ऑटिस्टिक व्यक्तीच्या माथी मारणे चूक आहे. २०२० साली कॅथरिन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानगोष्टीच्या खेळासारख्या साखळ्या करून पाहिले, तेव्हा सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतर व्यक्तींच्या साखळीइतकीच नीट पुढे गेली आणि मिश्र साखळीत मात्र अधिक गळाली. पुढे बऱ्याच मोठ्या गटावर हाच प्रयोग झाला, तेव्हा मिश्र साखळीतली ती घसरण दिसली नाही. ऑटिस्टिक माणसाला संवादच जमत नाही, हे जुने गृहीतक दोन्ही प्रयोगांनी खोडून काढले. आपल्यासारख्याला आपणच समजून घेऊ शकतो, हा उलट टोकाचा दावा मात्र त्यातून सिद्ध होत नाही. समाजमाध्यमांवर हा दावा आजकाल सर्रास केला जातो. त्याला भुलू नका.

कारण त्या मुलाचा एडीएचडी तुमचा नाही. तुम्ही मुलगी होता, तुम्हाला निदान नव्हते, तुम्ही गप्प राहून वेळ मारून नेलीत आणि एम.ए.पर्यंत पोचलात. तो मुलगा आहे, त्याला निदान मिळालेले आहे, बहुधा औषधांची चर्चाही झालेली आहे, आणि त्याची आई त्याच्यासोबत केंद्रात येऊन बसते. "मलाही अगदी हेच आहे" या वाक्यातला "अगदी हेच" हा भाग मला खटकतो, कारण तो उच्चारताच तुमची चौकशी थांबते. तो आपली गोष्ट सांगायचे सोडून तुमच्या गोष्टीशी जुळवून घेऊ लागतो, आणि चौदा वर्षांची मुले मोठ्या माणसांशी जुळवून घेण्यात आपल्याला वाटते त्याहून तरबेज असतात. तो खूश झाला हे खरे असेल. पुढच्या वेळी त्याचे औषध चुकले किंवा गृहपाठ राहिला, तर ते तो तुम्हाला सांगेल, की तुम्हाला वाईट वाटेल म्हणून झाकेल, हे मात्र पाहावे लागेल.

म्हणून क्लायंटना सांगावे की लपवावे, हा प्रश्न खरे बोलण्याचा नाही. तुम्हाला मधुमेह असता तर तो न सांगितल्याने तुम्ही खोटारड्या ठरला नसता. स्वतःविषयी काही सांगणे हा उपचारातला एक हस्तक्षेप असतो आणि इतर कोणत्याही हस्तक्षेपासारखा तो आधी ठरवून, कारण माहीत असताना आणि परिणाम पाहण्याच्या तयारीने करायचा असतो. माझा स्वतःचा नियम असा आहे की सेशनमध्ये सांगण्याची उबळ आली तर त्या सेशनमध्ये सांगायचे नाही. ती उबळ नोट्समध्ये लिहून ठेवते, सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी तज्ज्ञांसोबत आपले काम तपासून घेण्याच्या भेटीत, मांडते, आणि पुढच्या भेटीतही ते क्लायंटच्या उपयोगाचे वाटले तरच दोन वाक्यांत सांगून विषय परत त्याच्याकडे नेते. बहुतेक वेळा पुढच्या भेटीपर्यंत त्याची गरज उरलेली नसते. एडीएचडी असलेल्या माणसाला हा नियम अधिक लागू आहे, कारण आपल्याकडे विचार आणि उच्चार यांच्यामधली जागा मुळातच अरुंद असते. आपल्याकडच्या पद्धतीचीही यात भर पडते. गाव कोणते, लग्न झाले आहे का, मुले किती, हे प्रश्न पालक पहिल्या पाच मिनिटांत आपुलकीनेच विचारतात आणि त्यांना उत्तरे देता देता आपली सीमारेषा कुठे होती, हेच नव्या समुपदेशकाच्या लक्षात राहत नाही. गाव सांगावे, निदान त्या ओघात सांगू नये.

आता त्या आईविषयी. त्यांचा प्रश्न तुम्हाला लागला हे मी समजू शकते, पण तो रास्त आहे. आपल्या मुलाला ज्यांच्या हाती सोपवले, त्यांना काम जमते का, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. केंद्राच्या संमतीने त्यांना भेटा आणि साधारण असे म्हणा: "तुमची काळजी योग्य आहे. मला एडीएचडी आहे हे खरे आहे, आणि ते मी तुम्हाला आधी कल्पना न देता मुलाला सांगितले, हे योग्य झाले नाही. त्याच्यावर कोणते काम चालू आहे, ते किती पुढे आले आहे आणि माझ्या कामावर देखरेख कोण करते, हे मी तुम्हाला दाखवते. त्यानंतरही तुम्हाला दुसरे समुपदेशक हवे असतील तर मी स्वतः व्यवस्था करून देईन." एडीएचडी म्हणजे काय, यावर त्यांना व्याख्यान देऊ नका. त्यांना कामाचा हिशेब हवा आहे, आणि तो देता येण्यासाठी तुमच्या नोट्स पूर्ण असाव्या लागतील.

नोट्सबद्दल मी थोडी कडक होणार आहे, कारण तुमच्या पत्रातली खरी गंभीर बाब तीच आहे. विसरलेल्या वेळेची माफी मागता येते. पण एखाद्या क्लायंटने बोलण्याच्या ओघात जीव नकोसा झाल्याचे सांगितले आणि ते तुमच्या मागे पडलेल्या नोट्समध्ये अडकून राहिले, तर त्या दरम्यान फोन घेणाऱ्या सहकाऱ्याला काहीच कळणार नाही. तेव्हा रात्री घरी बसून सुवाच्य, सविस्तर नोट्स लिहिण्याचा संकल्प आजच सोडून द्या. एडीएचडी असलेल्या माणसाच्या हातून तो वारंवार मोडतो. सेशन पंचेचाळीस मिनिटांचे ठेवा आणि क्लायंट बाहेर पडल्यावर दार पुन्हा उघडण्याआधी, त्याच खुर्चीत बसून चार ओळी लिहा: त्याने कशाविषयी सांगितले, मी काय केले, धोका आहे की नाही, पुढच्या वेळी काय करायचे. धोक्याची ओळ कधीही कोरी ठेवायची नाही. धोका नसेल तर "नाही" असे लिहायचे. या चार ओळी लिहून झाल्याखेरीज पुढच्या क्लायंटला आत बोलवायचे नाही, मग बाहेर कोणी घड्याळाकडे पाहत असले तरी चालेल. मी निदान होण्याच्या कितीतरी आधीपासून असेच करत आले. तेव्हा मला वाटे की मी आळशी आहे आणि म्हणून मला असल्या सक्तीची गरज लागते.

वेळा विसरू नयेत म्हणून एकच डायरी ठेवा, आणि ती शक्यतो स्वागतकक्षातल्या व्यक्तीच्या हाती असू द्या. मोबाइलमध्ये एक, भिंतीवर एक आणि व्हॉट्सॲपवर ठरलेली एक, अशा तीन जागी वेळा विखुरल्या की चुकणारच. क्लायंटने थेट तुम्हाला मेसेज करून वेळ मागितली तर "केंद्रात फोन करून ठरवा" हे एकच उत्तर द्यायचे; यात तुटकपणा वाटत असेल तर तो क्लायंटसाठी दाराबाहेर अर्धा तास ताटकळण्यापेक्षा बरा आहे. ज्या माणसाला लहानपणापासून आपण कोणाच्या लक्षात राहत नाही असे वाटत आलेले आहे, त्याची वेळ विसरणे म्हणजे त्याच्या त्याच समजुतीवर शिक्का मारणे होय.

खोलीचाही विचार करा. दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता काटकोनात ठेवल्या, तर नजरेचा प्रश्न दोघांसाठीही सुटतो. बोलणारा माणूस खिडकीकडे पाहू शकतो आणि तुम्हीही. भिंतीवरचे घड्याळ क्लायंटच्या डोक्यामागे, तुम्हाला मान न वळवता दिसेल असे लावा. गुणगुणणारी ट्यूबलाइट बदलून घ्या, खोलीत सुगंधी फवारे मारू देऊ नका, आणि पंख्याचा खटखट आवाज येत असेल तर इलेक्ट्रिशियन बोलवायला लाजू नका. या मागण्या नाजूकपणाच्या वाटतील, पण दिवसातल्या चौथ्या सेशनला तुमचे जे लक्ष क्लायंटकडे असायला हवे, ते या आवाजांत आणि वासांत खर्च होत असते.

आणि चौथे सेशन म्हटले ते मुद्दाम. लागोपाठ सेशन घेणे तुम्हाला झेपणार नाही, निदान आत्ता तरी नाही. दिवसभर चेहरा, आवाज आणि नजर जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम तुम्ही न कळत करत असता, आणि म्हणूनच घरी आल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही. अनेक खासगी केंद्रांत मानधन सेशनप्रमाणे मिळते, त्यामुळे सेशन कमी केली की महिन्याचे उत्पन्न घटते, हे मला ठाऊक आहे आणि यावर माझ्याकडे गोड तोडगा नाही. काहींनी चाचण्यांच्या कामाकडे वळून मार्ग काढला आहे. बुद्धिमापनाची बिने-कामत चाचणी असो की भाटियांची बॅटरी, चाचणीत सूचना ठरलेल्या असतात, क्रम ठरलेला असतो, गुणांकन ठरलेले असते, आणि समोरच्या मुलाने ठोकळे कसे हाताळले हे बारकाईने पाहण्यात आपल्यासारख्यांना थकवा कमी येतो. माझा सुरुवातीचा बराच काळ याच कामावर निभावला. अहवाल लिहिणे हे मात्र तिथेही सुटत नाही.

तुमच्या वरिष्ठांच्या वाक्यातला अर्धा भाग मी मानते. स्वतःला सावरणे हे या व्यवसायात प्रत्येकाचे कर्तव्य आहे. पण आधी पूर्ण सावरा आणि मग कामाला या, असा क्रम लावला तर देशातली समुपदेशन केंद्रे ओस पडतील. देखरेख हवी, आणि ती वरिष्ठांकडून होणे तुम्हाला आता अवघड वाटत असेल तर केंद्राबाहेरचे सुपरव्हायझर शोधा. त्यांच्याकडे जाताना "मला एडीएचडी आहे" एवढेच सांगू नका, तर "माझ्या नोट्स मागे पडतात, मी घाईत बोलून जाते, आणि दुपारनंतर माझे लक्ष उतरते, या तीन गोष्टींवर दर भेटीत विचारा" असे लेखी द्या. स्वतःसाठी वेगळे समुपदेशन घेत असाल तर उत्तमच, पण सुपरव्हिजनच्या वेळेत ते उरकू नका. औषधाचा निर्णय तुमचा आणि तुमच्या मनोविकारतज्ज्ञांचा. त्यात वरिष्ठांनी किंवा आईने पडण्याचे कारण नाही.

केंद्राला सांगून झालेच आहे, तेव्हा पुढचे सगळे लेखी मागा: सेशनच्या मध्ये पंधरा मिनिटे, एकच डायरी, खोलीतले दिवे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. एडीएचडीचे नाव त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. वाजवी सोयींचे बंधन हा कायदा प्रामुख्याने सरकारी आस्थापनांवर घालतो, आणि आरक्षणासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते. ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी वापरले जाणारे ४० प्रश्नांचे भारतीय मोजमाप मुख्यतः मुलांना डोळ्यांसमोर ठेवून तयार झाले आहे, त्यामुळे नोकरी करणाऱ्या, बोलक्या प्रौढ स्त्रीचे गुण त्यात कमी भरण्याची शक्यता धरून चाला. खासगी केंद्रात तुम्हाला कायद्यापेक्षा समंजसपणावरच अधिक भिस्त ठेवावी लागेल, हे दुर्दैवाने खरे आहे.

जाहीरपणे सांगण्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी एक सावधगिरी सुचवते. सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारासाठीची (ज्यात भावना आणि नाती सतत हेलकावत राहतात) प्रसिद्ध उपचारपद्धती निर्माण करणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहान यांनी, आपण तरुणपणी स्वतः मनोरुग्णालयात दीर्घकाळ दाखल होतो, हे २०११ साली जाहीर केले. त्यांचा अनुभव आपल्यापेक्षा वेगळ्या प्रकारचा आहे, पण त्यांचे उदाहरण आजकाल प्रत्येक तरुण समुपदेशकापुढे धैर्याचा नमुना म्हणून ठेवले जाते आणि त्यात वेळेचा भाग गळतो. त्या बोलल्या तेव्हा साठी ओलांडलेल्या होत्या आणि त्यांची पद्धत जगभर शिकवली जात होती. तुम्ही २७ वर्षांच्या आहात आणि तुमची नोकरी खासगी केंद्रातली आहे. आज न बोलणे हा भ्याडपणा नव्हे.

पुढील शिक्षणाचा मुद्दा थोडक्यात उरकते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर १९९२ च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि तिची वाट आजवर मुख्यतः दोन वर्षांच्या एम.फिल.मधून जात आली. एम.फिल. बंद करण्याच्या निर्णयानंतर या विषयाला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदतवाढ मिळाली होती, त्यामुळे प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेच्या नेमक्या त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे का, ते परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. बंगळूरुची निम्हान्स असो, रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था असो की पुण्यातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था, रुग्णालयातले प्रशिक्षण म्हणजे गर्दीचा बाह्यरुग्ण विभाग, लिहून संपत नाहीत अशा केस हिस्टरी आणि सर्वांसमोर होणारी केसची चर्चा. विषयात बुडून जाण्याची तुमची ताकद तिथे कामी येईल आणि लेखनाची शिस्त नसेल तर तिथेच तुम्ही अडाल. म्हणून मी तुमच्या जागी असते तर चार ओळींच्या नोट्स सहा महिने विनाखंड लिहून दाखवल्याशिवाय अर्ज भरला नसता.

राहता राहिली आई. लग्नाआधी कुठे बोलू नकोस, हे म्हणणे तुम्हाला टोचले असेल, पण त्यात लाज कमी आणि भीती जास्त आहे, असे मला पत्रावरून वाटते. बोहोल्यावर चढण्याआधी होणाऱ्या जोडीदाराला हे कळलेच पाहिजे, यावर मी ठाम आहे. स्थळ घेऊन येणाऱ्या मध्यस्थाला आणि चारचौघांत ते कळण्याची गरज नाही, यावर तुमच्या आईशी माझे एकमत आहे. मात्र हे आईला समजावून सांगण्याची जबाबदारी एकट्या तुमच्यावर असू नये. प्रौढांच्या तपासणीत बारा वर्षांच्या आतली लक्षणे पाहायची असतात आणि ती माहिती आईवडिलांइतकी कोणाकडेच नसते. तुमच्या तपासणीच्या वेळी आईला बोलावले होते का, हे पत्रात नाही. बोलावले नसेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे तशी एक भेट मागून घ्या, जाताना ती प्रगतिपुस्तके सोबत न्या, आणि शाळेतला डबा, दप्तर आणि हरवलेल्या छत्र्या यांविषयी जे सांगायचे ते आईलाच सांगू द्या. भेटीची तारीख ठरवण्याचे आणि लक्षात ठेवण्याचे कामही तिच्याकडेच द्या. ती चुकवणार नाही.

आपली,
सदरलेखिका